केरूने दाराला हात लावला आणि…

लेईचा वास आला आणि माझे पाय आपोआप थांबले. मैदा शिजवून केलेली खळ, तिच्यात कीड लागू नये म्हणून घातलेलं मोरचूद आणि वर नव्या लाल कापडाचा कोरा वास. चाळीस वर्षांत जयपूरमधलं काय काय बदललं याची यादी मी सकाळपासून आईला ऐकवत होते, पण त्रिपोलिया बाजारामागच्या या गल्लीत शिरल्यावर माझी बडबड बंद पडली. बह्या बांधणाऱ्याचं दुकान जागच्या जागी होतं. बही म्हणजे व्यापाऱ्यांची लाल कापडाची लांबट चोपडी, वर दोरी गुंडाळायची.

पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसलेले गृहस्थ तेव्हाच्या म्हाताऱ्या बांधणाऱ्याचे चिरंजीव. आता तेच म्हातारे झालेत. "पधारो बाईसा," म्हणत त्यांनी जागा करून दिली. मी चपला काढून गादीवर चढले. आई मात्र खालीच थांबली. "धुळीचे पाय घेऊन पांढऱ्या चादरीवर कशी चढू गं?" म्हणून ती बाहेरच्या स्टुलावर बसली आणि हातातली पर्स तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली. पंचाहत्तरी उलटलेल्या आईला एवढ्या लांब आणायचं माझ्या मनात नव्हतं. पण मी जयपूरला पुस्तक बांधून घ्यायला चाललेय म्हटल्यावर तिने हट्टच धरला.

पिशवीतून मी तीन वस्तू काढून गादीवर मांडल्या. एका जुन्या कादंबरीचा चौथा भाग, तिचाच पाचवा भाग आणि निळ्या अंतर्देशीय पत्रांची एक पुडी. त्यांनी चौथा भाग उचलला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ये तो बाबूजी के हाथ की सिलाई है।" मग गरम लेईच्या पातेल्याकडे बोट केलं. लेई थंड झाल्याशिवाय कापड चिकटवायचं नसतं, तोवर बसा म्हणाले. मी बसले.

ते पुस्तक मेश्राम काकूंचं होतं. मेश्राम काकू आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. काका लोको शेडमध्ये फिटर होते. दोघं नागपूरकडची, घरात बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्यासमोर रोज ताजं फूल. माझे बाबा मालगाडीचे गार्ड, आम्ही कराडकडचे. रेल्वे कॉलनीत तीन मराठी घरं, जवळच्या फुलेरा जंक्शनला एक, छावणीत एका सुभेदारांचं एक. एवढ्या सगळ्यांत मिळून वाचण्यासारखं मराठी पुस्तक हे एकच. त्याचं पहिलं पान, लेखकाचं नाव, सगळं कधीच झडून गेलेलं. ते सतराव्या पानापासून सुरू व्हायचं आणि सगळे त्याला नुसतं 'ते पुस्तक' म्हणायचे.

पुस्तक उशीएवढं जाड. एका घरात गेलं की चार-चार महिने परत यायचं नाही आणि बाकीच्या घरांत धुसफूस सुरू व्हायची. शेवटी पाठीचा कणा मोडला तेव्हा काकूंनी जाहीर केलं की याचे पाच भाग करून पाच घरांत फिरवायचे. पुस्तक फाडायचं म्हटल्यावर सुभेदारीणबाईंनी कानांना हात लावला. काकू म्हणाल्या, "भाकर अख्खी ठेवून पाहत बसता काय बाप्पा? मोडल्याबिगर खाता येते काय?"

आणि त्या पुस्तक घेऊन इथे आल्या, याच गादीवर. मी सोबत होते, दहा-अकरा वर्षांची. बांधणाऱ्या बाबूजींना मराठी मजकुराशी काय देणंघेणं? त्यांनी बही मोजावी तशी हाताने जाडी मोजली आणि पाच सारखे भाग पाडले. कुठे प्रकरण संपतं, कुठे वाक्य संपतं, हे बघायचं असतं हे काकूंनाही सांगायचं सुचलं नाही. वर सवयीने प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि 'श्री' लिहिलं. काकूंनी ते घरी आल्यावर पाहिलं, हसल्या, "राहू दे, त्याचं मन आहे," म्हणाल्या आणि पुस्तक बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलं.

तर पाचही भाग अर्ध्या वाक्यात तुटलेले. पहिला भाग संपला तिथे मास्तरांची छडी हवेतच राहिली आणि ती खाली यायला आम्हाला तीन आठवडे लागले. भाग फिरायचे रविवारी सकाळी. फुलेऱ्याचा भाग बाबांच्या लाइन बॉक्समधून जायचा. गार्डची ती लोखंडी पेटी, तिच्यात लाल-हिरवी निशाणं, दिवा, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके आणि त्यावर हे लाल पुस्तक. परत यायचं तेव्हा त्याला कोळशाचा आणि घासलेटचा वास असायचा. छावणीतून आलेल्या भागात एकदा वाळलेलं बोगनवेलीचं फूल निघालं होतं आणि एकदा मिरचीचं बी. कुठल्या घरातून आलंय हे मी डोळे मिटून वासावरून सांगायचे.

दुपारी काकू मोठ्याने वाचायच्या. मे महिन्यात दाराला वाळ्याचा पडदा लावलेला, त्यावर दर तासाने लोटाभर पाणी मारायचं. बाहेर लू भणभणतेय, आत ओल्या वाळ्याचा गार वास, परातीत गहू आणि बायका गहू निवडता निवडता ऐकताहेत. आई माझी काकूंच्या अगदी समोर बसायची. खडा सापडला तरी तो हातातच धरून ऐकत राहायची. आईचा तो चेहरा माझ्याकडे आहे. फोटो नाही, पण आहे.

गोष्ट केरूची. खाडीकाठच्या गावात आठ वर्षांच्या केरूला त्याची आई एका कासारणीच्या ओसरीवर बसवते, "आलेच हं," म्हणते आणि येत नाही. का येत नाही ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. पुढे केरू ज्याच्या त्याच्या हाताखालून जातो. सावित्रा कासारीण त्याला बांगड्या भरायला शिकवते. दुसऱ्याचा हात दाबायचा नाही, तो आपणहून सैल व्हायची वाट पाहायची. मग ते छडीवाले मास्तर. मग एक जिवलग मित्र, ज्याच्यावर केरू चोरीचा आळ घेतो आणि आळ खोटा निघतो. मग एक तिरसट नावाडी, जो वर्षभर त्याच्याशी चार शब्द बोलत नाही, पण भर पुरात नाव त्याच्या हातात देतो. मला वाटायचं, केरू किती शूर, एकटाच्या एकटा मोठा झाला! काकूंनी माझं बोलणं तिथेच तोडलं. "एकटा? कुठं एकटा झाला तो? एकीनं उचलला, एकानं ठोकला, एकाचं त्यानंच वाईट केलं अन् त्या वाईटानं शहाणा झाला. पाह्य पोरी, माणूस म्हणजे काय, दहा हातांची भाकर असते. कुणाचा हात जड पडते, कुणाचा हलका."

बायकांचं वाचन नावाड्यापर्यंत आलं आणि थांबलं. आमच्या घरी पाळणा आला होता. माझा भाऊ अकरा दिवस जगला. पाळणा कॉलनीतल्या कुणाकडून तरी आणलेला होता, तो बाबांनी स्वतः उचलून परत नेला. त्यानंतर आईने बोलणं सोडलं. मग एक दिवस कराडहून मामा आला, आईची ट्रंक भरली आणि दोघं निघाली. रिक्षात बसताना आई मला म्हणाली, "आलेच हं पंधरा दिवसांत."

पंधरा दिवसांचे दोन हिवाळे झाले.

मी बाराची तेरा झाले. जयपूरची थंडी ज्याने सोसलीय त्यालाच ती कळते. सकाळी नळाच्या पाण्याने बोटं वाकायची नाहीत. गच्चीवर रजया उन्हात टाकलेल्या, दुपारी त्यांना तापल्या कापसाचा गोड वास यायचा आणि मी आईच्या रजईत डोकं खुपसून बसायचे. तो वास हळूहळू आईचा राहिला नाही, नुसत्या कापसाचा झाला. संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर, आभाळात पतंगच पतंग, चहूकडून "वो काटा!" अशा आरोळ्या. आमच्या घरी त्या वर्षी तिळगूळ झाला नाही. काकूंनी वाटी आणून दिली. मी म्हटलं, "मला नको, मतलब मला आवडत नाही." काकू म्हणाल्या, "बरं, राहू दे," आणि वाटी खिडकीत ठेवून गेल्या. त्या गेल्यावर मी ती चाटूनपुसून संपवली.

बाबा दर पंधरा दिवसांनी आईला पोस्टकार्ड लिहायचे. त्यांचं अक्षर मोठं, मजकूर तोच. इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी, प्रकृतीस जपावे. आणि खाली दोन बोटं जागा ते कोरी ठेवायचे. "तुझ्यासाठी सोडलीय," म्हणायचे. कार्ड टेबलावर ठेवून ते ड्यूटीवर जायचे. मी पेन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. लिहायचं नाही असं मी ठरवलंच होतं. जी "आलेच" म्हणून येत नाही तिला मी का लिहू? बाबा परत आले की ते कार्ड तसंच उचलायचे आणि टाकून यायचे. दोन हिवाळ्यांत अशी किती कोरी दोन बोटं मी आईला पाठवली असतील! मी भलती खुनशी पोर होते, हे मान्य केलेलं बरं.

काकू हे सगळं पाहत होत्या. त्यांनी मला एकदाही "आईला लिही" म्हटलं नाही. त्यांनी मला फक्त केरू वाचायला लावला. मी हिंदी शाळेतली, देवनागरी यायची, पण मराठी वाचताना ठेचाच ठेचा. ळ तर माझ्या तोंडात बसायचाच नाही. काकू शेजारी मटार सोलत बसायच्या, चुकलं की नुसत्या "अं?" करायच्या, पण पुस्तक माझ्या हातून कधी काढून घेतलं नाही. हात सैल व्हायची वाट पाहणारी कासारीण मी पुस्तकात वाचत होते आणि शेजारी बसलेली मला दिसत नव्हती.

दुसऱ्या वर्षी शरद ऋतूत चौथा भाग माझ्याकडे आला आणि मी तो एका आठवड्यात वाचून काढला. केरू सतरा वर्षांचा झालाय. नावाडी त्याला सांगतो, तुझी आई खाडीपलीकडच्या गावात राहते, मागे मी अमक्या घरात तिला पाहिलंय. केरू दोन दिवस जेवत नाही. मग एकटा नाव काढतो, पलीकडे उतरतो, चिखलातून वर चढतो, घर शोधतो. आणि शेवटच्या पानाची शेवटची ओळ:

'केरूने दाराला हात लावला आणि'

पुढे लाल कापड.

मी तशीच धावत समोर गेले. समोर पेटारे भरणं चाललं होतं. काकांनी कधीचा अर्ज केला होता, नागपूरकडे बदली अचानक मंजूर झाली होती आणि सामान तिसऱ्या दिवशी वॅगनमध्ये चढायचं होतं. त्या गर्दीत मी पुस्तकाचं काही विचारलंच नाही. मी विचारलं, "तुम्ही पण जाणार?" काकू भांडी गवतात गुंडाळत होत्या. त्यांनी हात पुसले, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "काहून रडून राहिली? मी का चंद्रावर चालली? पोस्ट असते ना पोरी." त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर चुकून पाचवा भागही भांड्यांच्या पेटाऱ्यातून गेला. तो वाचलेल्या दोघीच, काकू आणि सुभेदारीण, आणि सुभेदारांची बदली तर आधीच झालेली. मला सांगणारं कुणी उरलं नाही.

ते दार माझ्या डोक्यात बसलं. शाळेत, नळावर, अंथरुणात मला ते दिसायचं. उघडलं असेल? ती ओळखेल का? केरू काय बोलेल? तो चिडेल? चिडायलाच हवं, असं मला वाटायचं. तो चिडला तर माझं बरोबर. आणि नाही चिडला तर?

मी काकूंना पत्र टाकलं. माझं मराठीतलं आयुष्यातलं पहिलं पत्र. एकच वाक्य आठवतं, 'आणि के बाद काय झालं ते लिहा.'

उत्तर दहा दिवसांनी आलं. डाकियाने "चिट्ठी!" म्हणून व्हरांड्यात फेकलेलं निळं अंतर्देशीय. काकूंनी लिहिलं होतं की भाग पोस्टाने पाठवला आणि हरवला तर पाची घरं माझ्या नावानं बोटं मोडतील, म्हणून तुला उतरवून पाठवते. सगळं नाही. लग्नं आणि कोर्टकचेऱ्यांचं लांबड सोडते, त्या दारापुरतं उतरवते. आणि खाली, मोठ्या टपोऱ्या अक्षरात:

'दार उघडंच होतं. आत आई गहू निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, पाय धुऊन ये.'

पाच पत्रं आली, एक अख्खा हिवाळा. घडी मोडायच्या चिकट कडेवरही काकू लिहायच्या, त्यामुळे ते जपून सुरीने उकलावं लागायचं. आणि त्या पाच पत्रांत घडत होतं काय? काहीच नाही. केरू पाय धुतो. आई ताट वाढते. केरू विचारत नाही की तू का गेलीस, आई सांगत नाही. तो तिला नावं सांगतो. मला सावित्रेने वाढवलं, मास्तरांनी वाढवलं, ज्याच्यावर मी आळ घेतला त्याने वाढवलं, नावाड्याने वाढवलं. आणि आई एकेक नाव ऐकून, गव्हाचा हात कपाळाला लावून, ते नाव पुन्हा उच्चारते. शेवटच्या पत्रात केरूच्या लक्षात येतं की तिच्या परातीतले गहू कधीच निवडून झाले होते आणि ती निवडलेलेच गहू पुन्हा निवडत बसली होती, कारण तिला वर बघण्याची भीती वाटत होती.

मी ते वाचलं आणि व्हरांड्याच्या पायरीवर भोकाड पसरलं. तिलाही भीती वाटत असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

त्या आठवड्यात बाबांचं पोस्टकार्ड टेबलावर होतं. खाली दोन बोटं जागा. मी लिहिलं: 'आई, मी आठवीत गेले. बाबा रोज खिचडी करतात. मतलब तू आलीस तरी चालेल.'

बाबांनी संध्याकाळी ते कार्ड उचललं, वाचलं आणि गार्डच्या टोपीसकट खुर्चीत बसून राहिले.

होळीनंतर आई आली. कडुलिंबाची पानं गळून अंगणभर पिवळा सडा पडला होता, मीटरगेजच्या इंजिनाची शिट्टी दुपारभर वाजत होती. बाबा तिला आणायला स्टेशनवर गेले. मी घरी थांबले, मुद्दाम. काय करावं सुचेना तेव्हा गव्हाची परात पुढ्यात घेऊन बसले. रिक्षा थांबली. दार मी उघडंच ठेवलं होतं. उंबऱ्याबाहेर आईच्या चपला दिसल्या, त्यांच्यावर प्रवासाची धूळ. मान वर करायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "पाय धुऊन ये."

आई दाराची चौकट धरून उभीच राहिली. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते मला तेव्हाही कळलं नाही. मला वाटलं, आल्या आल्या पाय धुवायला सांगितलं म्हणून तिला वाईट वाटलं. मग ती नळावर गेली आणि कितीतरी वेळ पाय धूत राहिली.

आम्ही त्याबद्दल पुढे कधी बोललो नाही. एकेका घरात काही गोष्टी अशाच झाकून ठेवतात, दुधावर जाळी ठेवावी तशा.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलाने मला एक पार्सल पाठवलं. लाल कापड, कुंकवाचं फिकट स्वस्तिक. पाचवा भाग. त्यावर काकूंच्या हातची चिठ्ठी टाचलेली, 'हे आता तिला द्या. आता ती मोठी झाली.' मी पहिलं पान उघडलं. चौथ्या भागात अर्धं राहिलेलं वाक्य तिथे पुरं होत होतं.

'कडीला कुलूप होतं.'

आई नव्हतीच तिथे. तीन वर्षांपूर्वी गेलेली. केरू त्या कुलपाला हात लावून उभा राहतो, मग परत नावेत बसतो आणि उरलेल्या शंभर पानांत तो एकेकाकडे जातो. सावित्रेकडे, मास्तरांकडे, त्या मित्राकडे. ज्यांनी त्याला घडवलं त्या प्रत्येकाच्या दाराला हात लावतो. जे दार बंद होतं त्याच्या बदल्यात त्याला चार उघडी दारं मिळतात. ज्याने कुणी ते लिहिलं तो फार मोठा माणूस होता, नाव झडून गेलं तरी. अशी शंभर पानं मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाहीत.

आणि मग मी काकूंची पत्रं काढली. खाडीकाठच्या केरूची आई त्याला नागपूरकडची तुरीच्या सोल्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर वाढते! एका जागी तर चक्क "काहून रे" म्हणते! तेराव्या वर्षी मला यातलं काही खटकलं नाही. सातवी शिकलेल्या बाईने, भांडी घासून झाल्यावर, पाटावर बसून एका थोर पुस्तकाचं कुलूप काढलं होतं. एका हट्टी पोरीला दोन बोटं जागा भरता यावी म्हणून. लोक मोठमोठ्या लेखकांना नमस्कार करतात. मी करते तो मेश्राम काकूंना. आणि मला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली, तोवर त्या गेल्या होत्या.

"बाईसा, लेई तैयार है," गादीवरून आवाज आला. त्यांनी चौथा भाग उलटा ठेवला, शेवटची ओळ वाचायचा प्रयत्न केला. "ये तो बीच में ही टूट रहा है। इसके बाद क्या लगाऊँ? ये लाल वाला, या चिट्ठियाँ?"

मी पत्रांची पुडी सोडून त्यांच्यासमोर पसरली. पाच निळी पत्रं. इतक्यात बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आई उठून गादीच्या कडेशी आली होती, धुळीच्या पायांचं भान विसरून तिने एक गुडघा चादरीवर टेकला आणि पहिलं पत्र उचलून डोळ्यांशी नेलं.

"हे मेश्रामबाईंचं अक्षर," ती म्हणाली. "तुला पण लिहायच्या त्या?"

"पण म्हणजे?"

आईने पर्स उघडली. आतून रुमालात बांधलेली तीन अंतर्देशीय पत्रं काढली. घड्यांवर फाटलेली, मागून कुणीतरी पारदर्शक पट्टी लावलेली. "मामाच्या गावी आली होती मला. बांधायचंच आहे तर हीपण बांध म्हणावं, म्हणून आणली. आमचं वाचन नावाड्यापाशी राहिलं होतं ना, तर बाईंनी पुढचं उतरवून पाठवलं."

मामाचा पत्ता काकूंना बाबांनीच दिला असणार. मी पहिलं पत्र उलगडलं. तेच टपोरं अक्षर.

'केरू आता नावाड्याच्या घरी राहते. किती वर्सांनी त्याची आई त्याला पाहाले आली. भीत भीत आली. तिने दाराला हात लावला आणि दार उघडंच होतं. आत केरू गहू निवडत बसला होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, पाय धुऊन ये.'

गल्लीतून एक सायकल रिक्षा घंटा वाजवत गेली. मी त्या ओळी पुन्हा वाचल्या.

"तू दारात तेच म्हणालीस," आई म्हणाली. "मी घाबरलेच बाई. म्हटलं, पुस्तकातलं हिला कसं कळलं."

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

बहीवाले आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण माणसं कळत असावीत. त्यांनी खळीचा ब्रश पातेल्याच्या कडेला टेकवून ठेवला आणि हलकेच विचारलं, "तो माताजी, पहले किसकी लगाऊँ?"

आईने माझं पहिलं पत्र डावीकडे ठेवलं, तिचं पहिलं उजवीकडे. दोन्ही पत्रांतली दारं समोरासमोर आली. मग तिने पाचवा भाग उचलून त्यांच्या मागे ठेवला, त्याच्या लाल कापडावरून एकदा हात फिरवला आणि हिंदीत, तिच्या त्या कराडी हिंदीत म्हणाली, "ऐसाच बांधो भैया. और इधर पाणी का नळ किधर है? मेरेकू पाव धोना है."